सूर बदलला आणि बाई परकी ठरली

सप्टेंबर १९४१. नॉर्वेवर जर्मन सैन्याने कब्जा केल्याला दीड वर्ष होत आले होते. एका हवाई हल्ल्यात बॉम्बचा तुकडा डोक्याच्या डाव्या बाजूला लागून एक तरुण नॉर्वेजियन स्त्री गंभीर जखमी झाली. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. हळूहळू हातपाय हलू लागले, शब्दही परत आले. पण बोलण्याचा सूर मात्र पूर्वीचा राहिला नाही. ऐकणाऱ्यांना ती जर्मन वाटू लागली. जन्मात कधी देशाबाहेर न गेलेल्या या बाईला तिच्याच देशातले दुकानदार माल देईनात.

ऑस्लोचे मेंदूविकारतज्ज्ञ गेओर्ग हर्मान मोनराड-क्रोन यांनी तिची तपासणी केली आणि १९४७ मध्ये ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची हकिगत मांडली. त्यांचे निदान असे की, बिघाड शब्दांत नाही, भाषेच्या चालीत आहे. नॉर्वेजियन भाषा सुरांवर चालते. त्या भाषेत ‘शेतकरी’ आणि ‘शेंगा’ या अर्थांचे दोन शब्द बहुतेकांच्या तोंडी अक्षरशः सारखे ऐकू येतात. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. या बाईचा आवाज सपाट झाला नव्हता, उलट तो भलत्याच जागी चढत होता आणि भलत्याच जागी उतरत होता. त्या काळात अशी चाल ऐकून लोकांच्या मनात पहिले नाव कोणाचे येणार, हे वेगळे सांगायला नको.

पुढे, १९८२ मध्ये, या विकाराला ‘फॉरिन ॲक्सेंट सिंड्रोम’ असे नाव पडले. नाव फसवे आहे. मेंदूला इजा होऊन कोणी जर्मन किंवा फ्रेंच शिकत नाही. बोलताना ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि छातीचे स्नायू एकमेकांशी अत्यंत काटेकोर मेळ राखतात. ‘प’चा ‘ब’ होतो तो सेकंदाच्या काही शतांश भागाच्या फरकाने. मेंदूच्या डाव्या बाजूचा, वाचेचे नियंत्रण करणारा एखादा लहानसा भाग दुखावला की हे वेळापत्रक किंचित सरकते. स्वर लांबतात, आघात जागा बदलतात. गंमत अशी की, हा बिघाड जास्त असता तर उच्चार बोबडे झाले असते आणि लोकांना आजार लगेच कळला असता. तो नेमका इतकाच असतो की, निघणारे ध्वनी जगातल्या कुठल्या तरी भाषेत शोभावेत. मग आजारी माणूस आजारी न वाटता परका वाटतो. एकाच रुग्णाचे बोलणे चार जणांना ऐकवले तर चौघे चार देश सांगतात, हाही अनुभव आहे. म्हणजे रोग रुग्णाच्या मेंदूत असला, तरी ‘देश’ ठरतो तो ऐकणाऱ्याच्या मेंदूत!

फ्रेंच डॉक्टर पियेर मारी यांनी १९०७ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. पॅरिसचा माणूस, आणि पक्षाघातानंतर बोलण्याचा ढंग अल्सासचा. अल्सास त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात होते आणि तो सल फ्रान्सच्या मनात ताजा होता.

कान इतका घाईने निवाडा का करतो? त्याची तयारी पाळण्यापासून सुरू होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखता येतो. वर्षाच्या आत ती क्षमता बहुतांशी मावळते. घरात जे ध्वनी कानी पडतात त्यांना कान धारदार होतो, बाकीच्यांना बोथट. आपला आणि परका यांची पहिली फाळणी अशी होते, आणि त्यात कोणाचाच दोष नसतो.

दोष पुढे शिरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचे डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका अमेरिकी बाईच्या आवाजातले व्याख्यान ऐकवले. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई बाईचा. ध्वनिफीत तीच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना बोलण्यात परकी ढब ऐकू आली आणि व्याख्यानही कमी समजले. कान एकटा ऐकत नाही. डोळे आणि पूर्वग्रह त्याच्या शेजारी बसलेले असतात.

शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसर यांनी २०१० मध्ये आणखी एक बाब पुढे आणली. साधी विधाने, उदाहरणार्थ जिराफ पाण्यावाचून उंटापेक्षा जास्त काळ राहू शकतो, वेगवेगळ्या ढबीच्या लोकांकडून वदवून घेतली. परकी ढब असली की लोकांना तेच विधान कमी खरे वाटले. कारण द्वेषच असेल असे नाही. अनोळखी उच्चार समजायला मेंदूला थोडे जास्त कष्ट पडतात, आणि त्या कष्टाचा आळ बोलणाऱ्याच्या खरेपणावर जातो. प्रयोगाचा हेतू आधी सांगितल्यावर सौम्य ढबीच्या बाबतीत लोक सावरले. जाड ढबीच्या बाबतीत सावरू शकले नाहीत.

आपल्याकडे भाषेवरून वातावरण तापते तेव्हा हेच यंत्र चालू असते. बेळगावकडच्या मराठी माणसाच्या बोलण्यात कानडी हेल असतो. पुण्यात त्याला ‘तुम्ही कानडी का?’ असे विचारतात. घरी परतला की तिथे तो मराठी म्हणून ओळखला जातो. एरवी हा चेष्टेचा विषय. तणावाच्या दिवसांत मात्र ‘ळ’चा ‘ल’ झाला एवढ्यावरून माणसाचे गाव, हेतू, निष्ठा सगळे ठरते, तेही दोन वाक्यांत. ज्याच्या जिभेला आजाराने वळण उरलेले नाही, त्याने अशा वेळी काय करावे?

त्याच्या घरच्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. बोलणे अचानक बदलले, शब्द अडखळू लागले, तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा हात उचलता येईना, तर ‘घेतली असेल’ किंवा ‘झोप झाली नसेल’ म्हणून थांबू नये. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट नंतरची. ढब बदललेल्या रुग्णांपैकी काहींचा सूर काही महिन्यांत परततो, काहींचा परतत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ आघात, लय आणि स्वरांची लांबी यांचा सराव करून घेतात, आणि तो चिकाटीने करावा लागतो. दरम्यान रुग्णाच्या खिशात डॉक्टरांची, स्थानिक भाषेत लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी असू द्यावी: या व्यक्तीच्या मेंदूला इजा झाली आहे, त्यामुळे उच्चार बदलले आहेत, बोललेले सर्व समजते. खाली सही, शिक्का आणि घरच्यांचा फोन नंबर.