फी नसलेली शाळा

नगरच्या मिशनशाळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकतो. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा निघाली. हे खरे आहे, मोठेही आहे. जोतिरावांनी स्वतःच ते सांगून ठेवले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे याच बाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण त्या भेटीच्या मागेपुढे शंभरहून अधिक वर्षांची हकिगत आहे. गरिबाच्या मुलाला फुकट शिकवायचे तर खर्च कोणी सोसायचा आणि त्याला कुठवर शिकवायचे, या दोन प्रश्नांभोवती ती फिरते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते. टिकून राहिल्यावर त्यांनी शाळा आणि छापखाना या दोन गोष्टींना हात घातला. छापखान्यामुळे बाराखडीची आणि वाचनाची पुस्तके घरच्या घरी स्वस्तात निघू लागली. 1831 अखेर मिशनने नगरला ठाणे केले. सिंथिया फरार 1827 च्या डिसेंबरात मुंबईला आल्या होत्या. अमेरिकेतून अशी एकटी, अविवाहित बाई मिशनच्या कामावर येणे तेव्हा नवलाचेच होते. 1839 पासून त्या नगरला राहिल्या आणि 1862 साली तिथेच वारल्या.

आरंभी शिकवायला मिळत ते गावातलेच पंतोजी, बहुतेक ब्राह्मण. पगार पटावरच्या मुलांच्या संख्येवर असे. पट राखण्याची काळजी त्यामुळे पंतोजीलाच लागे. पण कुणाच्या धर्मांतराची बातमी आली की मुले भराभर काढली जात आणि शाळा ओस पडे. मुलींचे तर आणखी अवघड. गरीब घरात आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते, शेण्या थापते, पाणी भरते. ती शाळेत बसली की घरातला एक कामाचा हात कमी होतो. फी माफ करून हा खर्च माफ होत नाही. फरारबाईंनी या घरांशी वर्षानुवर्षे चिकाटी धरली. त्यांचे मोठेपण मला याच कष्टांत अधिक दिसते.

या शाळा धर्मप्रसारासाठीच निघाल्या होत्या. मिशनरींनी ते कधी लपवले नाही, आपणही लपवू नये. पण त्या काळी महार-मांगांच्या मुलांसाठी दुसरे कोणते दार उघडे होते, हेही विचारायला हवे. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला हात लावला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1855 मध्ये, जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध नगरला जन्मलेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाने छापला होता.

नेमक्या याच सुमारास मिशनने एक निर्णय घेतला, तो मला आजही बोचतो. मिशनचे सचिव रूफस अँडरसन बोस्टनहून 1854 साली पाहणीला आले. शाळांनी मराठीतून शिकवावे, गावोगावच्या मंडळ्यांसाठी शिक्षक आणि पाळक तयार करावेत, इंग्रजी शाळांवर पैसा घालू नये, असे त्यांचे मत होते. मुंबई-नगरच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. मराठीचा आग्रह चुकीचा नव्हता. त्यामुळे शाळा खेड्यापर्यंत पोचली. पण सरकारी नोकरी आणि कॉलेज यांची वाट इंग्रजीतून जात होती. ज्याच्या घरी पैसा त्याला ती दुसरीकडे मिळाली. महारवाड्यातल्या मुलाची शाळा स्वस्त राहिली, आणि तोकडीही.

पुढची कित्येक दशके हा गाडा ओढला तो खेड्यातल्या मास्तराने. तो बहुधा त्याच वस्तीतून आलेला, नगरला शिकून परत गेलेला. राहुरी, वडाळा, पारनेरच्या बाजूची खेडी डोळ्यांसमोर आणा. शाळेची खोली एकच आणि रविवारी तेच देऊळ. तोच मास्तर आठवडाभर पाढे घेई आणि रविवारी उपदेश करी. सुगीला अर्धा वर्ग शेतावर गेला की मुलांना बोलवायला तोच घरोघर फिरे. कागदपत्रांत मिशनरींची नावे ठळक आहेत, मास्तरांची क्वचितच. त्या फुकट शाळेची खरी किंमत या माणसांनी तुटपुंज्या पगारावर मोजली, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी अनुदान मिळू लागले, तसा इन्स्पेक्टरही आला. किती मुले कोणत्या इयत्तेत पास झाली यावर पैसे ठरत. सुगीत गैरहजर राहणारे मूल म्हणजे बुडालेले अनुदान. ज्या शाळेला पैशाची निकड जास्त, तिलाच या हिशेबाची झळ जास्त बसे.

मग दुष्काळ आले. 1876-77 चा आणि 1899-1900 चा. दुसऱ्या वेळी अनाथ मुलांची रीघ लागली आणि शाळेला जेवण, कपडे, निवारा सगळेच पाहावे लागले. मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना त्या कामासाठी कैसर-इ-हिंद पदक मिळाले. सर दिनशा पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत मुले सुतारकाम आणि विणकाम शिकू लागली. हाताला धंदा मिळाला, पोट भरले. कॉलेजची वाट मात्र जिल्ह्याबाहेरच राहिली. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुणे-मुंबई गाठावी, तिथल्या खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे भरावेत. मजुराच्या मुलाचे शिक्षण बहुतेक वेळा मॅट्रिकलाच थांबे.

1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. ते नगरच्या ख्रिस्ती समाजातले. विल्सन कॉलेजात शिकवलेले, अमेरिकेत शिकून आलेले. अँडरसनच्या भेटीनंतर 93 वर्षांनी, राहुरीच्या किंवा वडाळ्याच्या मास्तराच्या नातवाला जिल्हा न सोडता पदवीपर्यंत शिकता येऊ लागले.