दातांवरील कीटण व ते काढण्याची भीती

आमच्या शाळेत दरवर्षी मुलांची प्रकृती तपासली जाते. ह्या वर्षीच्या तपासणीत दंतवैद्यांनी पुष्कळ मुलांच्या पत्रकांवर 'दात स्वच्छ करून घ्यावेत' असा शेरा लिहिला, व ती पत्रके आम्ही पालकांकडे पाठविली. आठ दिवसांनी एका विद्यार्थ्याचे वडील पत्रक घेऊन आले व म्हणाले, "सर, यंत्राने दात एकदा साफ केले की ते सैल होतात, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. पोराचे दात चांगले घट्ट आहेत. ते मुद्दाम कशाला हलवून घ्यायचे?" गृहस्थ समंजस, आणि प्रश्न प्रामाणिक होता. शिवाय त्यांना हसण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता. कारण हीच समजूत उराशी धरून आम्ही स्वतः दहा वर्षे दंतवैद्याची पायरी चढलो नाही, आणि खालचे दोन पटाशीचे दात गमावून बसलो आहो. त्यांना तोंडी जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहो.

दात कितीही लख्ख घासले, तरी थोड्याच मिनिटांत लाळेतील द्रव्यांचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा त्यांवर बसतो, व त्या पापुद्र्यावर जंतू येऊन बिऱ्हाड करतात. हे जंतू प्रथम पाहून त्यांचे वर्णन करणारे गृहस्थ म्हणजे हॉलंडातील डेल्फ्ट गावचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक. हे मूळचे कापडाचे व्यापारी. भिंगे घासण्याचा त्यांना नाद. आपल्या दातांच्या फटींतील पांढरे द्रव्य भिंगाखाली ठेवले असता त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले, असे त्यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. विशेष हे की, हे गृहस्थ नित्यनेमाने मिठाने दात घासणारे होते!

हा थर मऊ असेपर्यंत ब्रशाने निघतो. परंतु जेथे ब्रश पोहोचत नाही, तेथे लाळेतील चुन्याचे क्षार त्यात मुरू लागतात, आणि काही दिवसांतच तो दगडासारखा टणक होतो. विहिरीच्या जड पाण्याने पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार. ह्यालाच आपण कीटण म्हणतो. विद्यार्थ्यांनी आरसा घेऊन खालच्या पुढच्या दातांची जिभेकडील बाजू पाहावी. कीटण असल्यास बहुधा प्रथम तेथेच सापडेल. वरच्या दाढांची गालाकडील बाजू ही त्याची दुसरी जागा. ह्याचे कारण असे की, लाळग्रंथींची तोंडे ह्याच दोन ठिकाणी उघडतात. एकदा जमलेले कीटण मग ब्रशाने, राखुंडीने किंवा कडुनिंबाच्या काडीने हालत नाही. (मिश्रीचे नावच काढू नये. ती तंबाखूच आहे, आणि तिने हिरड्या बळकट होण्याऐवजी तोंडाच्या कर्करोगास मात्र वाट मिळते.)

कीटणाच्या खडबडीत पृष्ठावर जंतूंचा नवा थर सुखाने राहतो, आणि खरा अपाय ह्या जिवंत थरापासून होतो. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनी, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दात घासणे बुद्ध्या बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. येथपर्यंतचा बिघाड असा दुरुस्त होणारा आहे.

ह्यापुढील पायरी मात्र तशी नाही. सूज आत उतरली म्हणजे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते, त्या खोबणीतही कीटण धरते, आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड हळूहळू झिजते. ह्यालाच लोक पायरिया म्हणतात. ह्यात दुखत नाही, हीच मोठी फसवणूक! आमच्या हिरड्यांतून रक्त येई, तेव्हा तेथे ब्रश लागला असेल असे समजून आम्ही ती जागा घासण्याचेच सोडून दिले. म्हणजे जेथे सफाई अधिक हवी तेथेच ती थांबविली. आता, सर्वांचीच गत अशी होते असेही नाही. लोए ह्यांनीच पुढे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांस १९७० पासून पंधरा वर्षे वेळोवेळी तपासले. दात घासण्याचा परिपाठ त्यांच्यात नव्हता, दंतवैद्यही नव्हता, आणि कीटण भरपूर होते. तथापि शेकडा अकरा जणांचा रोग हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. शेकडा आठ जणांचे दात मात्र झपाट्याने गेले. बाकीचे मध्ये राहिले. आपण कोणत्या गटातले, हे आरशात पाहून कळत नाही.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या भिंतीत पिंपळ उगवतो व त्याच्या मुळ्या दगडांच्या सांध्यांत शिरतात. पिंपळ उपटला की भगदाड दिसते. म्हणून ते उपटणाऱ्याने पाडले असे कोणी म्हणेल काय? जुनाट कीटण हे हाड झिजलेल्या दातांना एकमेकांशी सांधून धरते. ते काढताच दातांचा आधी आलेला सैलपणा उघड होतो, सुजलेली हिरडी आवळते, मध्ये फटी दिसतात, आणि दोष सफाईच्या माथी येतो. आमचे दोन दात ज्यांनी काढले, त्या दंतवैद्यांनी छायाचित्रात आम्हांस दाखविले की, त्या दातांभोवती हाड जवळजवळ उरलेच नव्हते. ते त्या सकाळी नाहीसे झाले नव्हते.

सफाईची क्रिया, जिला स्केलिंग म्हणतात, ती भयंकर नाही. यंत्राचे टोक सेकंदास वीस-पंचवीस हजारांहून अधिक वेळा थरथरते व त्या थरथरीने कीटण फुटून निघते. पाण्याची बारीक धार टोकास थंड ठेवते व कण वाहून नेते. जाणत्या हाताने केल्यास दाताच्या वरच्या कवचास ह्यापासून भय नाही. पुढे दोन-चार दिवस गार पाणी झोंबते, ते बहुधा आपोआप थांबते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने स्केलिंग करावेच, असा सरसकट नियम आता शास्त्रास मान्य नाही. इंग्लंड-स्कॉटलंडातील नेहमी दंतवैद्याकडे जाणाऱ्या प्रौढांवर तीन वर्षे चाललेला एक मोठा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, वर्षाने, अथवा ठराविक सफाई मुळीच न करता, हिरड्यांच्या रक्तस्रावात फरक दिसला नाही. हाड बरेच झिजलेले लोक मात्र त्यात घेतलेले नव्हते. ह्यावरून इतके दिसते की, घरी घासण्याचा आळस दंतवैद्याच्या यंत्राने भरून निघत नाही, आणि कोणी केव्हा यावे हे ज्याचे तोंड तपासून ठरवावे लागते. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरी आल्फ्रेड फोन्स ह्या दंतवैद्यांनी १९१३ मध्ये दंतसफाई करणाऱ्या स्त्रियांची पहिली शाळा काढली, व पुढील वर्षापासून त्या स्त्रिया गावच्या शाळांत जाऊ लागल्या. तेथे त्या मुलांचे दात साफ करीत, आणि त्याच बैठकीत ब्रश कसा धरावा तेही शिकवीत.

आम्हांस आमच्या दंतवैद्यांनी चार महिन्यांची मुदत घालून दिली आहे. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याचे कीटण वीस मिनिटांत निघाले व त्याचा एकही दात हलला नाही. त्याच्या वडिलांनी मात्र मुलाबरोबर गेले असता आपलेही तोंड दाखविले; त्यांच्या खोबणी खोल निघाल्या, आणि त्यांना आणखी तीन वेळा बोलाविले आहे.