गोठ्यात म्हशी, तरी बी-१२ कमी?

साताऱ्यात किंवा सांगलीत पोषणावर प्रोजेक्ट करायचं ठरलं की आपण प्रश्नावलीत पहिल्यांदा काय लिहितो? ‘शाकाहारी की मांसाहारी?’ बी-१२ साठी हा प्रश्न अगदीच तोकडा आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. माळकरी घराचं समजू शकतो. पण फक्त जत्रेला मटण खाणारं घरही आपण ‘मांसाहारी’ रकान्यात टाकून मोकळे होतो! आणि म्हशींचं दूध? ते दोन्ही वेळा डेअरीला जातं, घरात राहतं चहापुरतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग असे तीन गट होते. सगळ्यात जास्त कमतरता निघाली ती मध्यमवर्गात.

यकृतात साठा असल्याने कमतरता कित्येक वर्षं कळत नाही. मग थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. इथे एक धोका आहे. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणजे हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होता येत नाही. जमलं तर बी-१२ सोबत होमोसिस्टीनही मोजा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, हेही विचारा. त्याने बी-१२ चं शोषण घटतं. आणि प्रश्नावलीत एक ओळ वाढवा: काल डेअरीला घालून घरात दूध किती उरलं?