आशाताई सहा वेळा का येते?

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करते, ताप मोजते, दूध नीट ओढते का ते पाहते. “एवढ्या खेपा कोणी ठरवल्या?” असे पुष्कळजण मला विचारतात.

हे एकट्या मंत्रालयात ठरलेले नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, श्वास कोंडल्यास मदत करणे, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्यात होते. तेथे पहिल्या महिन्यातील बालमृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

पण सल्ला चांगला असला तरी सरकारी निर्णयाला बरेच हात लागतात. महाराष्ट्रातील इतर स्वयंसेवी संस्थांनी ही पद्धत आपापल्या भागात करून पाहिली. २००५ मध्ये ‘आशा’ योजना आली, म्हणजे काम करणारी बाई गावात मिळाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफने नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली. केंद्र सरकारने देशभर कार्यक्रम घेतला तो २०११ मध्ये. मध्ये बारा वर्षे गेली.

वाटेत सल्ला बदललाही. गडचिरोलीत गावातली स्त्री इंजेक्शन देत होती. राष्ट्रीय कार्यक्रमात भर राहिला तो भेटी, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि दवाखान्यात पाठवणे यांवर. पुढे २०१४ मध्ये केंद्राने जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा नर्सबाईंना दिली.

या साखळीची शेवटची कडी आपण आहोत. बाळाने दूध सोडले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आशाताईला कळवा, १०२ वा १०८ ला फोन करा आणि बाळाला उबदार गुंडाळून दवाखान्यात न्या.

भेटी होत नसतील तर गावाच्या आरोग्य व पोषण समितीत विचारा. तो आपला हक्क आहे.