कॅल्क्युलस शिकवणाऱ्याला काय विचारायचे?

बारावी विज्ञानाच्या गणिताचा दुसरा भाग उघडला की डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स अशी प्रकरणे रांगेने येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आपल्या अनेक मुलामुलींना इथे शिकवणी लागते. तेव्हा आपण फी विचारतो, निकाल विचारतो. सर किंवा मॅडम स्वतः काय शिकले आहेत, हे विचारायला मात्र संकोचतो. कशाला संकोचायचे? पैसे आईबापांच्या कष्टाचे आहेत.

एमएचटी-सीईटीसाठी चांगला इंजिनिअर चालतो. हे गणित त्याने पदवीला वापरलेले असते आणि ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचा वेगही तो शिकवू शकतो. बीएस्सीच्या रिअल अ‍ॅनालिसिसला मात्र गणितात एमएस्सी केलेली व्यक्तीच शोधावी. तिथे नुसते उत्तर काढून भागत नाही, सिद्ध करावे लागते.

पदवी कळली की एक प्रश्न टाकून पाहा. एक्सच्या घनाचा डेरिव्हेटिव्ह एक्स शून्य असताना शून्य येतो, मग तिथे मॅक्सिमम किंवा मिनिमम का नाही? जाणकार लगेच आलेख काढेल. शून्याच्या दोन्ही बाजूंना डेरिव्हेटिव्ह धन आहे, म्हणजे आलेख चढतच राहतो, हे दाखवेल. ‘हे परीक्षेला येत नाही’ असे उत्तर आले, तर आम्ही म्हणू, दुसरीकडे चौकशी करा.

अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी जवळच्या विद्यापीठाच्या गणित विभागात एमएस्सी करणारी आपली मुले-मुली शोधावीत, रविवारी दोन तास बोलवावे. आणि मानधन द्यावे. त्यांचीही शिष्यवृत्ती वेळेवर येतेच असे नाही.