बसलेला गाळ आणि निर्मळ पाणी

रोहा तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. या नदीने पेठ दिली, तशी दुःखेही दिली. जुलै १९८९ च्या महापुरात नदीच्या वरच्या अंगाचे जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नागोठण्याजवळच्या पेट्रोरसायन प्रकल्पात वायुगळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे दगावली. सोळा महिन्यांत एकाच खोऱ्याने दोन मोठे आघात सोसले.

पुराचे पाणी दुकानात शिरले, तर भिजलेल्या मालाचा हिशेब मांडता येतो. मनात शिरलेल्या पाण्याची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत होत नाही. घरातले माणूस गेले, भागीदाराने दगा दिला, वाटणीवरून भावाभावांत अबोला आला, तरी व्यापारी कुटुंबातील दुकान थोड्याच दिवसांत उघडते. रडणाऱ्याला ‘कर्माचा उदय’ असे सांगून गप्प केले जाते. हे वचन खरे आहे. परंतु ते अवेळी उच्चारले, तर जखमेवरचे औषध न ठरता केवळ झाकण ठरते.

दाबणे आणि नाहीसे करणे यांत जैन शास्त्राने काटेकोर भेद केला आहे. चौदा गुणस्थानांच्या मार्गावर वर चढण्याच्या दोन श्रेणी सांगितल्या आहेत. उपशम श्रेणीत मोहनीय कर्म नष्ट होत नाही, केवळ शमते. गढूळ पाण्यात निवळी उगाळून घातली की गाळ तळाशी बसतो व पाणी नितळ दिसते. भांडे हलले की ते पुन्हा गढूळ होते. म्हणूनच अकराव्या गुणस्थानापर्यंत पोहोचलेला जीवही तेथून खाली येतो. क्षपक श्रेणीचा साधक दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो आणि मागे फिरत नाही, कारण त्याने गाळच काढून टाकलेला असतो. इतक्या उंचीवरच्या साधकांची ही स्थिती असेल, तर दाबून ठेवलेल्या रागावर सामान्य श्रावकाने उपवासांचे मजले चढवावेत, ते कशाच्या भरवशावर?

शोक होणे म्हणजे अधर्म नव्हे. भगवान महावीरांच्या निर्वाणाची वार्ता ऐकून गौतमस्वामींनी विलाप केला, असे श्वेतांबर परंपरा सांगते. त्या विलापातूनच त्यांना आपल्या रागबंधनाची ओळख पटली आणि केवलज्ञान झाले. दिवाळीला नव्या चोपड्यावर आपण ज्यांचे नाव लिहितो, त्यांनीही आपले दुःख झाकले नाही. ते पाहिले आणि ओलांडले.

कषायांना शास्त्राने मुदतीही नेमून दिल्या आहेत. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार पंधरवड्यात निवणारा क्रोध संज्वलन, चार महिने टिकणारा प्रत्याख्यानावरण, वर्षभराचा अप्रत्याख्यानावरण आणि जन्मभराचा अनंतानुबंधी. पहिला पाण्यावरची रेघ, तर शेवटचा पर्वताला गेलेली भेग. दिगंबर परंपरेच्या गोम्मटसारात या मुदती वेगळ्या आहेत, तत्त्व एकच. अनंतानुबंधी कषायाचा उदय आहे तोवर सम्यक्त्व नाही, म्हणजे मोक्षमार्गाचा आरंभच नाही. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मुदतींशी जुळतात. बँकेत ९० दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. संवत्सरी ओलांडून गेलेले वैरही तसेच आत्म्याच्या खात्यावर साचत राहते.

यावर पहिला उपाय आलोचना. गुरूसमोर किंवा विश्वासातल्या ज्येष्ठांसमोर मनातले जसेच्या तसे सांगणे, हाच गाळ उपसण्याचा आरंभ होय. १९८६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी काही विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्यातील आघातांविषयी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. ज्यांनी घटनेसोबत भावनाही मोकळ्या केल्या, त्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. दुःख फार खोल असेल, झोप व भूक उडाली असेल, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

क्षमा म्हणजे येणे सोडून देणे, असाही एक गैरसमज आढळतो. वसुलीचा हक्क राखूनही वैर सोडता येते. रक्कम वहीत राहू द्यावी, द्वेष मनात राहू देऊ नये.

संवत्सरीला आज शेकडो जणांना एकच ‘मिच्छामि दुक्कडम्’ मोबाईलवरून पाठविले जाते. त्या यादीत बहुधा एक नाव नसते आणि खरे प्रतिक्रमण त्या एकाच नावापाशी थांबलेले असते. यंदा इतर सर्व संदेशांआधी त्या एका घराची पायरी चढावी. तेथे उच्चारलेले दोन शब्द अठ्ठाईच्या तपालाही पाया देतील.