दीपा कर्माकर : चौथ्या क्रमांकाची संपूर्ण गोष्ट



क्रीडा दिन आला की आपण परिपाठात खेळाडूंची माहिती सांगतो. त्यात दीपा कर्माकरचं नाव असतंच. बहुतेक ठिकाणी तिची माहिती चार ओळींत संपते. त्रिपुराची मुलगी, तळपाय सपाट, प्रोदुनोव्हा व्हॉल्ट, रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी. मुलं टाळ्या वाजवतात आणि वर्गात जातात. पण तिला गुण कसे मिळाले, पदक कशामुळे हुकलं आणि त्यानंतर आठ वर्षं ती काय करत होती, हे सांगितलं तर या माहितीतून मुलांना (आणि आपल्यालाही) बरंच काही मिळतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

बालपण आणि सुरुवात

दीपाचा जन्म 9 ऑगस्ट 1993 रोजी आगरतळा इथे झाला. वडील दुलाल कर्माकर वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. त्यांनीच तिला सहाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला घातलं. सुरुवातीला तिला हा खेळ फारसा आवडत नव्हता. आधी सोमा नंदी आणि नंतर बिश्वेश्वर नंदी यांनी तिला शिकवलं. बिश्वेश्वर नंदी पुढे शेवटपर्यंत तिचे गुरू राहिले.

तिच्या तळपायांना कमान नव्हती. जिम्नॅस्टला पळून उडी घ्यायची असते आणि वरून खाली येऊन पायांवर स्थिर उभं राहायचं असतं. सपाट पायांना हे दोन्ही अवघड जातं. नंदी सरांनी पायाचे खास व्यायाम तिच्याकडून वर्षानुवर्षं करून घेतले आणि हळूहळू पायाला कमान आणली.

साधनांची तर बोंबच होती. सुरुवातीच्या काळात उडीच्या सरावासाठी जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून साधन तयार केलं होतं. अशा परिस्थितीतून 2008 साली ती जलपाईगुडी इथे राष्ट्रीय कनिष्ठ गटाची विजेती झाली.

हा खेळ नेमका काय आहे?

आपल्याकडे मुलांना मल्लखांब माहीत असतो, कोलांटी उडीही येते. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये महिलांसाठी चार प्रकार असतात :

1. व्हॉल्ट – पळत येऊन टेबलवर हात टेकून घेतलेली उडी. टेबलची उंची 125 सेंमी.
2. अनइव्हन बार्स – कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या.
3. बॅलन्स बीम – 5 मीटर लांब आणि फक्त 10 सेंमी रुंद पट्टी. मुलांना फूटपट्टीवर 10 सेंमी दाखवा, लगेच समजतं.
4. फ्लोअर – 12 मीटर बाय 12 मीटरच्या जागेवर संगीताच्या तालावर कसरत.

दीपाचा हुकमी प्रकार म्हणजे व्हॉल्ट. यात धावायला जास्तीत जास्त 25 मीटर जागा मिळते आणि उडी काही सेकंदांत संपते. वर्षभराची मेहनत त्या काही सेकंदांत दाखवायची असते.

गुण कसे देतात?

पूर्वी या खेळात 10 पैकी गुण असत. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने 10 पैकी 10 मिळवले, ते याच पद्धतीत. 2006 पासून पद्धत बदलली. आता दोन वेगवेगळे गुण देऊन त्यांची बेरीज करतात.

पहिला काठिण्य गुण. तुम्ही किती अवघड कसरत निवडली, यावर तो ठरतो. प्रत्येक उडीची किंमत नियमपुस्तकात आधीच लिहिलेली असते.

दुसरा सफाई गुण. तो 10 पासून सुरू होतो आणि चुकांनुसार कमी होत जातो. गुडघा वाकला, पाय सुटे झाले, उतरताना पाऊल हललं की गुण गेले. छोटं पाऊल हललं तर 0.1, मोठं पाऊल पडलं तर 0.3 आणि खाली पडलात तर सरळ 1 गुण कमी.

आता आपल्या परीक्षा डोळ्यांसमोर आणा. सोपा प्रश्न असो वा अवघड, आपण बघतो ते उत्तर बरोबर आलं का. ज्या मुलाने स्वतःहून अवघड उदाहरण घेतलं, अर्ध्यापर्यंत नीट सोडवलं आणि शेवटी चुकलं, त्याच्या वाट्याला लाल रेघ येते. जिम्नॅस्टिक्सच्या पंचांकडे ‘काय निवडलं’ यासाठी वेगळा रकाना असतो. आपल्या वहीतही तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रोदुनोव्हा का निवडली?

रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हा हिने 1999 मध्ये ही उडी केली, म्हणून तिचं नाव उडीला मिळालं. पळत येऊन टेबलवर हात टेकायचे, हवेत उसळायचं, पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. पुढच्या दिशेने फिरत असल्यामुळे जमीन दिसेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. फिरणं थोडं कमी पडलं तर मान किंवा पाठ आधी टेकण्याचा धोका. म्हणून जगात फार थोड्या जणींनी ही उडी स्पर्धेत केली आहे.

मग दीपाने तीच का घेतली? उत्तर गुणांच्या पद्धतीत आहे. रिओच्या वेळी या उडीचा काठिण्य गुण 7.0 होता. बाकीच्या नामांकित खेळाडूंच्या उड्या साधारण 6.3, 6.4 च्या. ज्या देशांत उत्तम सभागृहं, भरपूर प्रशिक्षक आणि जुनी परंपरा आहे, तिथल्या मुलींशी सफाईत बरोबरी करणं तिला कठीण होतं. काठिण्याच्या रकान्यात मात्र ती सगळ्यांच्या पुढे उभी राहू शकत होती. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, नुसतं धाडस नव्हतं.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. अशा उड्या कुणी थेट शिकत नाही. आधी फोमने भरलेल्या खड्ड्यात, मग जाड मऊ गाद्यांवर आणि शेवटी नेहमीच्या गादीवर, असा टप्प्याटप्प्याने आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव होतो. गोष्ट ऐकून घरच्या पलंगावर प्रयोग करायचे नाहीत!

ग्लासगो ते रिओ

2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपाने व्हॉल्टमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. 2015 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाचवी. एप्रिल 2016 मध्ये रिओतच झालेल्या पात्रता स्पर्धेतून ती ऑलिंपिकला पात्र ठरली. ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट! त्याआधी भारताचे जिम्नॅस्ट ऑलिंपिकमध्ये दिसले होते ते 1964 साली, म्हणजे 52 वर्षांपूर्वी.

रिओच्या प्राथमिक फेरीत तिला व्हॉल्टमध्ये 14.850 गुण मिळाले आणि ती आठवी आली. अंतिम फेरीत आठच जणी जातात. म्हणजे शेवटच्या जागेवरून तिने प्रवेश मिळवला. मधल्या काळात 9 ऑगस्टला तिचा 23 वा वाढदिवस होता. लक्ष विचलित होऊ नये म्हणून नंदी सरांनी तिच्या फोनचं सिमकार्ड काढून घेतलं होतं आणि फक्त आईवडिलांशी बोलू दिलं होतं.

14 ऑगस्ट 2016

त्या रात्री भारतात अनेक घरं उशिरापर्यंत जागी होती. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्या मारायच्या असतात आणि त्यांची सरासरी धरतात. दीपाचे गुण असे :

पहिली उडी (त्सुकाहारा प्रकार) : काठिण्य 6.0 + सफाई 8.866 = 14.866
दुसरी उडी (प्रोदुनोव्हा) : काठिण्य 7.0 + सफाई 8.266 = 15.266
सरासरी : 15.066

अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला सुवर्ण मिळालं, 15.966 गुण. रशियाच्या मारिया पासेकाला रौप्य, 15.253. स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरला कांस्य, 15.216. दीपा चौथी. कांस्यपदक 0.150 ने हुकलं.

आता ही आकडेमोड मुलांकडून करून घ्या. सरासरीतला फरक 0.150, म्हणजे दोन उड्यांच्या बेरजेतला फरक 0.300. उतरताना एक मोठं पाऊल पडलं तर तेवढेच गुण जातात. एका पावलाचं अंतर!

दुसरा हिशोब त्याहून बोलका आहे. सिमोनच्या पहिल्या उडीचा काठिण्य गुण 6.3, दीपाच्या प्रोदुनोव्हापेक्षा 0.7 ने कमी. पण सिमोनची सफाई 9.600 आणि दीपाची 8.266. प्रोदुनोव्हातून उतरताना दीपा इतकी खाली बसली, की जमीन टेकते की काय असं वाटलं. त्यामुळे काठिण्यात मिळालेली आघाडी सफाईत गेली. त्याच अंतिम फेरीत 41 वर्षांच्या ओक्साना चुसोव्हितिनानेही प्रोदुनोव्हाच घेतली होती. तिला उतरताना तोल सांभाळता आला नाही आणि ती सातवी आली.

म्हणजे अवघड निवडण्याने दीपा जगातल्या पहिल्या आठांत गेली, पण पदकासाठी सफाईसुद्धा तेवढीच लागत होती. मुलांना सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात. ‘अवघड घेतलंस, शाब्बास’ हेही म्हणायचं आणि ‘आता हे नीटनेटकं कसं होईल ते बघू’ हेही. अक्षर, उजळणी, पायऱ्या लिहिणं यांचा कंटाळा करणाऱ्या हुशार मुलांना हे उदाहरण चांगलं पटतं.

रिओनंतर तिला खेलरत्न पुरस्कार मिळाला, नंदी सरांना द्रोणाचार्य, आणि 2017 मध्ये तिला पद्मश्री. रिओहून परतल्यावर तिने एम. ए. ची परीक्षाही दिली. ‘खेळ की अभ्यास’ असा वाद घालणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्यानंतरची आठ वर्षं

बहुतेक निबंध इथेच संपतात. पण पुढचा भाग सांगितला नाही तर गोष्ट अर्धवट राहते.

2017 मध्ये तिच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. जुलै 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिन इथे जागतिक चॅलेंज कप स्पर्धेत तिने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. पण गुडघ्याने पुन्हा दगा दिला आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. दरम्यान प्रोदुनोव्हाचा काठिण्य गुणही नियमपुस्तकात कमी करण्यात आला. ज्या शिडीवरून ती वर चढली होती, तिचीच एक पायरी कमी झाली.

मग त्याहून कठीण गोष्ट घडली. ऑक्टोबर 2021 मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन हा खेळात बंदी असलेला पदार्थ सापडला. हा पदार्थ अजाणतेपणी शरीरात गेला, असं तिने सांगितलं. तिच्यावर 21 महिन्यांची बंदी आली, ती जुलै 2023 मध्ये संपली.

हा भाग मुलांना सांगावा का? मला वाटतं, पाचवीच्या पुढच्या मुलांना जरूर सांगावा. उद्या मोबाइलवर मुलं ते वाचणारच आहेत. आपण लपवलं तर त्यांना वाटेल, बाईंनी खोटी गोष्ट सांगितली. नियम असा आहे की खेळाडूच्या शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्याने सुटका होत नाही. तालुका, जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर हे नीट समजून घ्यायला हवं. कुणीतरी सांगितलं म्हणून ताकदीच्या पावडरी आणि गोळ्या मुलांना देऊ नका. डॉक्टरांना विचारा आणि मूल स्पर्धेत खेळतं हेही त्यांना सांगा.

बंदी संपल्यावर दीपा परत आली. मे 2024 मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने 13.566 गुणांसह व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट ठरली. वय 30. रिओत मिळालेल्या 15.066 पेक्षा हे गुण कमी आहेत, आणि तरी हे सुवर्ण आहे. पॅरिस ऑलिंपिक मात्र तिला गाठता आलं नाही. 7 ऑक्टोबर 2024 रोजी तिने निवृत्ती जाहीर केली.

वर्गात काय घेता येईल?

– गणित : वरचे गुण फळ्यावर लिहून दशांश अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि सरासरी काढून घ्या. 15.216 आणि 15.066 मधला फरक मुलांनाच शोधू द्या.
– भूगोल : आगरतळा, जलपाईगुडी, ग्लासगो, हिरोशिमा, रिओ, मर्सिन, ताश्कंद ही ठिकाणं नकाशात दाखवा.
– भाषा : ‘चौथा क्रमांक आल्यावर दीपाने आईला केलेला फोन’ हा संवाद कल्पनेने लिहायला द्या.
– मूल्यमापन : एका गृहपाठासाठी दोन रकाने करून पाहा, ‘किती अवघड निवडलं’ आणि ‘किती नीट केलं’. गुण न देता दोन शेरे लिहिले तरी चालेल.
– चर्चा : नियम अजाणतेपणी मोडला तर शिक्षा व्हावी का? मुलं छान बोलतात. आपण फक्त ऐकायचं.

पालकांना एकच विनंती. प्रगतिपत्रक हातात आलं की आपली नजर आधी क्रमांकाकडे जाते. पुढच्या वेळी मुलाला आधी विचारा, ‘यंदा तू सगळ्यात अवघड काय शिकलास?’ उत्तर ऐकून घ्या आणि मग गुण बघा.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेत जरूर वापरा आणि मुलांनी काय उत्तरं दिली तेही कळवा.